नकाशा पास होण्याआधी : नागपुरात हृदयरोग रुग्णालय उभारणाऱ्यांना खुले पत्र

नागपुरात हृदयरोगासाठी स्वतंत्र रुग्णालय काढण्याच्या तयारीत असलेले डॉक्टर, विश्वस्त आणि त्यासाठी पैसा उभा करणारे सर्व यांस,

सप्रेम नमस्कार.

असे रुग्णालय हवे, याबद्दल आमचा वाद नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, शिवाय सीमेपलीकडचे छिंदवाडा, बालाघाट आणि बैतूल, एवढ्या मुलखातला छातीत दुखणारा माणूस शेवटी नागपूरचाच रस्ता धरतो. मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी, मिहानमधले एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालये मिळूनही गर्दी ओसरत नाही. आपण पुढे येताय, चांगलेच आहे.

आमची काळजी वेगळी आहे. 'रुग्ण हाच केंद्रबिंदू' हे वाक्य उद्घाटनाच्या पत्रिकेत येईल, लॉबीतल्या ग्रॅनाइटवर कोरलेही जाईल. पण रुग्णाचे काय होणार हे त्याच्या कितीतरी आधी, नकाशात, डॉक्टरांच्या करारात आणि बिलाच्या नमुन्यात ठरून गेलेले असते. हे तिन्ही कागद सध्या आपल्या टेबलावर आहेत. भिंती उठल्या आणि कर्जाचे हप्ते सुरू झाले की त्यांना हात लावायला कोणी धजत नाही. म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहोत. लिहिणाऱ्यांत डॉक्टर आहेत, आयसीयूतल्या सिस्टर आहेत, कॅथलॅबचे (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालून अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचे) तंत्रज्ञ आणि परफ्युजनिस्ट (ऑपरेशनमध्ये रक्त फिरवणारे यंत्र चालवणारे) आहेत.

आधी नकाशा. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद पडून आलेल्या अटॅकमध्ये रुग्ण दारात आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघून डॉक्टरने तो वाचलेला असावा आणि 90 मिनिटांत बंद रक्तवाहिनी उघडलेली असावी, हा जगभर मान्य दंडक आहे. दिवसा तो पाळला जातो. रात्री तीनला का मोडतो ते बघा. गाडीतून उतरवलेल्या माणसाला गार्ड विचारतो, 'कोणाचा पेशंट?' नातेवाईक खिडकीवर आधार कार्ड शोधत उभे राहतात. खिडकीतला माणूस डिपॉझिटचा आकडा सांगतो आणि मग भावाला, साळ्याला, गावच्या सरपंचाला फोन सुरू होतात. ईसीजीचे यंत्र वरच्या मजल्यावर आयसीयूत असते, म्हणून पेशंट आधी तिथे जातो. तिथे 'जरा स्थिर करू' म्हणून थांबतो. कॅथलॅबचा तंत्रज्ञ मनीषनगरहून निघालेला असतो. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली असते. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे गेली, चूक कोणा एकाची नाही, आणि दीड तास संपला.

म्हणून तातडीचा विभाग आणि कॅथलॅब एकाच मजल्यावर, तळमजल्यावर, मध्ये लिफ्ट न येता असू द्या. तळमजल्यावरची दर्शनी जागा औषधाच्या दुकानाला आणि कॉफीच्या काउंटरला दिली की जास्त भाडे येते, हे आम्हालाही ठाऊक आहे. ईसीजीचे यंत्र तातडीच्या दाराशी, चार्जरला लावलेले, कागद भरलेले असावे. कॅथलॅब सुरू करायला सांगण्याचा अधिकार तिथल्या ड्यूटी डॉक्टरला हवा. वरिष्ठांना फोन, मग त्यांचा परतीचा फोन, मग तंत्रज्ञाला फोन, ही साखळी तोडा आणि एकाच फोनवर सगळ्या टीमला निरोप जाईल अशी व्यवस्था करा. एक तंत्रज्ञ आणि एक सिस्टर रात्री इमारतीतच मुक्कामाला हवेत. अशा अटॅकमध्ये मूत्रपिंडाच्या, म्हणजे क्रिएटिनिनच्या, रिपोर्टची वाट पाहायची नसते. नोंदणी मागाहून होते. पैशाचा विषय तर त्या 90 मिनिटांत निघताच कामा नये.

कॅथलॅब दोन हव्यात. एकच असेल आणि तिच्यात आधीच कोणी टेबलावर असेल, तर दारात आलेल्या दुसऱ्या अटॅकचे काय? शिवाय यंत्र बंद पडते, आणि नागपुरात ते कधी पडते हेही ठरलेले आहे. एक्स-रे ट्यूब थंड ठेवणाऱ्या चिलरचे बाहेरचे युनिट बहुतेक गच्चीवर भर उन्हात टाकतात. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की ते ट्रिप होते. तेव्हा वायर रक्तवाहिनीत असते आणि पडदा काळा होतो. युनिटवर सावली, भोवती मोकळी हवा, जोडीला राखीव चिलर, एवढे करायला वास्तुविशारदाला आजच सांगा. यूपीएस घेताना एक प्रश्न नक्की विचारा: वीज गेल्यावर हा नुसते संगणक चालू ठेवेल, की एक्स-रे सुद्धा? कोटेशनमधला स्वस्त पर्याय बहुधा पहिला असतो.

आता नागपूरबाहेरचा रुग्ण. गडचिरोली इथून सुमारे 170 किलोमीटर, चंद्रपूर 150. तिथल्या माणसाला नागपूरला आणून दोन तासांच्या आत बंद रक्तवाहिनीत बलून फुगवणे, म्हणजे अँजिओप्लास्टी करणे, शक्य नाही. शास्त्र याबाबत स्पष्ट आहे: 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर रुग्ण आहे तिथेच, निदानानंतर लगेच, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे आणि मग गाडीत घालावे. त्यातले टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात शिरेतून देता येते. मात्रा वजनावर: 60 किलोच्या आत 30 मिलिग्रॅम, पुढे दर 10 किलोमागे 5 वाढवत 90 किलो व वर 50. वय 75 च्या पुढे असेल तर निम्मी, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. सोबत ॲस्पिरिन चावून खायला द्यायची. नुसती गिळली तर परिणाम उशिरा सुरू होतो.

हे तालुक्याच्या डॉक्टरला माहीत नसते असे नाही. रात्री एकट्याने निर्णय घ्यायची धास्ती असते. ईसीजीत खरेच अटॅक आहे ना? अलीकडे पक्षाघात, मोठे ऑपरेशन, पोटातला रक्तस्राव काही झालेले नाही ना? म्हणून आपल्या रुग्णालयाने पहिल्या दिवसापासून एकच फोन नंबर चालवावा, तो चोवीस तास डॉक्टरनेच उचलावा, आणि मोबाइलवर आलेल्या ईसीजीचे उत्तर पाच मिनिटांत द्यावे. 'लगेच पाठवून द्या' हे उत्तर नव्हे. इंजेक्शन द्यायचे की नाही, किती द्यायचे, सोबत काय द्यायचे, हे सांगितले पाहिजे. हृदयाच्या खालच्या बाजूच्या अटॅकमध्ये ईसीजीची उजवीकडची लीड, व्ही-4-आर, काढायला सांगितले पाहिजे. हृदयाचा उजवा कप्पा अटॅकमध्ये सापडलेला असताना कोणी सवयीने जिभेखाली रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेट ठेवली किंवा लघवी वाढवणारे लॅसिक्स दिले की बीपी कोसळते आणि मग 108 मध्ये बसलेल्या डॉक्टरच्या हाती फारसे काही उरत नाही.

इंजेक्शन दिलेला रुग्ण नागपूरला पोहोचला म्हणजे काम संपले असेही नाही. 60 ते 90 मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढून वर उचललेला एसटी (ईसीजीच्या रेषेचा एक भाग) निम्म्याने तरी खाली आला का ते बघायचे. आला नसेल तर त्याला थेट कॅथलॅबमध्ये घ्यायचे. आला असेल तर 3 ते 24 तासांत अँजिओग्राफी. अशा रुग्णाला 'आता बरे वाटतेय ना' म्हणून सोमवारच्या यादीत टाकण्याची चूक सर्रास होते.

यातली मेख अशी की या फोनमधून एक रुपयाही मिळत नाही. तो रुग्ण कदाचित आपल्याकडे येणारही नाही, वाटेत दुसरीकडे उतरेल. तरी फोन चालवायचा. चालवणार नसाल तर 'विदर्भासाठी' हा शब्द पत्रिकेतून काढून टाका.

योजनेचा रुग्णही असाच तपासून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तातडीच्या वेळी फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे. पण रात्रपाळीला आरोग्यमित्र (रुग्णालयात योजनेचे काम बघणारा माणूस) नसला आणि ड्यूटी डॉक्टरला ही सोयच माहीत नसली, तर रुग्णाला रेशन कार्डासाठी थांबवले जाते. मध्य प्रदेशातून आलेल्याचे आयुष्मान कार्ड इथे चालते की नाही, हे आपल्या रुग्णालयाच्या नोंदणीवर अवलंबून राहील. ती नोंदणी उद्घाटनाआधी करून घ्या, 'पुढे बघू' म्हणू नका.

यानंतरचा मुद्दा अडचणीचा आहे, पण टाळता येणार नाही. अँजिओग्राफी चालू असते. पडद्यावर दोन अडथळे दिसतात. डॉक्टर शिशाच्या ॲप्रनमध्येच बाहेर येतात, काचेपलीकडे नातेवाइकांना पडद्यावरची चित्रे दाखवतात: 'इथे 80 टक्के, इथे 70. आत्ताच स्टेंट टाकून देऊ का? पाच मिनिटांत सांगा.' आत माणूस टेबलावर, मनगटात नळी. कोण नाही म्हणेल? चालू अटॅकमध्ये ही घाई रास्तच आहे. पण चालताना धाप लागते, कधीमधी छाती भरून येते, एवढ्यासाठी आलेल्या स्थिर रुग्णात ती घाई रुग्णाच्या भल्याची नसते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्किमिया' चाचणीत अशा रुग्णांना आधी औषधे देऊन पाहिली काय किंवा लगेच स्टेंट-बायपास केले काय, मृत्यू आणि अटॅक यांत ठळक फरक दिसला नाही. छातीतले दुखणे मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झाले, तेव्हा ज्याला औषधांवरही त्रास आहे त्याला त्याचा उपयोग आहेच. डाव्या मुख्य वाहिनीचा आजार आणि कमकुवत झालेले हृदय या गोष्टी वेगळ्या. मधुमेह असून तिन्ही वाहिन्या बाधित असतील तर बायपास सरस, हे 2012 च्या 'फ्रीडम' चाचणीने दाखवले. म्हणजे ज्याला तीन स्टेंट टाकायची तयारी चालली आहे, त्याला आधी सर्जनने पाहायला हवे.

मग नियम असा करा: स्थिर रुग्णाची अँजिओग्राफी झाली की नळी काढायची, माणूस वॉर्डात न्यायचा, फिल्मची प्रत हातात द्यायची आणि निर्णय दुसऱ्या दिवशी, कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांच्या सहीने. नातेवाइकांना वाटले तर ते फिल्म घेऊन दुसरीकडे दाखवून येतील. येऊ द्या.

हा नियम टिकेल का, ते डॉक्टरांच्या करारावर ठरेल. दर स्टेंटमागे, दर बायपासमागे वाटा ठेवलात, किंवा महिन्याला किती प्रोसिजर याचे लक्ष्य दिलेत, तर भल्या माणसाचाही हात झुकतो. ठरावीक पगार द्या, चांगला द्या. आणि बाहेरून रुग्ण पाठवणाऱ्याला कट द्यायचा नाही, हे घटनापत्रात लिहून ठेवा. 'मार्केटिंग', 'समन्वय शुल्क', 'कॅम्पचा खर्च' अशी त्याची बारशी होतात, तीही नावे घालून बंद करा. पहिली दोन वर्षे खाटा रिकाम्या राहतील. ज्यांनी पैसा घातला आहे त्यांना हे आजच सांगितलेले बरे, नाहीतर तिसऱ्या तिमाहीत तेच कराराला कलम जोडायला लावतील.

बिलाबद्दल थोडक्यात. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी 2017 मध्ये मर्यादा आली, तेव्हा औषधी लेपाचा स्टेंट 29,600 रुपयांवर आला. पुढे हा आकडा बदलत गेला. बिलात स्टेंट वेगळा दाखवून ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर लिहिणे बंधनकारक आहे. मग कमाई बलून, गाइडवायर, कॅथेटर यांच्याकडे सरकली. 2018 मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाने) दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत नफा निघाला. आपले दरपत्रक दर्शनी भागात लावणे 2021 च्या नियमांनी तसेही सक्तीचे केले आहे. त्यापुढे जाऊन प्रत्येक वस्तूची खरेदी किंमत आणि आकारलेली किंमत शेजारी-शेजारी छापा. बलून किंवा कॅथेटर निर्जंतुक करून पुन्हा वापरणार असाल, तर तेही रुग्णाला सांगून आणि बिलात तसे दाखवून.

आता असे काही, जे मुंबई-दिल्लीच्या सल्लागाराने बनवलेल्या आराखड्यात बहुधा नसेल: सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भाच्या पूर्व पट्ट्यात हा आजार आणि त्याचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. ओपन हार्ट सर्जरीत रक्त यंत्रातून फिरते, शरीर थंड करतात, काही ठिकाणी ऑक्सिजन कमी पडतो, रक्त आम्लधर्मी होते. लाल पेशी विळ्यासारख्या वाकायला याहून अनुकूल वेळ नाही. म्हणून प्रत्येक ऑपरेशनआधी, आडनाव आणि जिल्हा न बघता, तपासणी करा. नुसती सोल्युबिलिटी टेस्ट पुरत नाही. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक दाखवत नाही, आणि नुकतेच रक्त चढवलेल्यात फसवते. पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी हवीच. वाहकाचे ऑपरेशन काळजी घेऊन बहुधा सुरळीत पार पडते. आजार असलेल्यात रक्त बदलून एचबीएसचे, म्हणजे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचे, प्रमाण साधारण 30 टक्क्यांखाली आणतात आणि शरीर थंड न करता काम उरकतात. यासाठी रक्तपेढीला चार दिवस आधी कळवावे लागते. ऑपरेशनच्या सकाळी रिपोर्ट वाचून काही करता येत नाही.

ऑपरेशननंतरची पहिली रात्र सिस्टरच्या जिवावर निघते. व्हेंटिलेटरवरच्या बायपास रुग्णाला एक सिस्टर, फक्त त्याच्यासाठी. छातीतल्या नळीच्या बाटलीवर दर तासाची रेघ मारलेली असते. तासाला 200 मिलिलिटरच्या वर रक्त येतच राहिले तर सर्जनला उठवायचे, हे नवख्यालाही कळते. फसवते ते उलटे चित्र: दोन तास वाहणारी नळी अचानक कोरडी पडते, नवी सिस्टर 'थांबले बुवा' म्हणून सुस्कारा टाकते. गुठळीने नळी तुंबलेली असू शकते आणि रक्त हृदयाभोवती साचत असते. बीपी उतरते, सीव्हीपी (हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब) चढते, लघवी कमी होते. हे ओळखणारी सिस्टर तयार व्हायला काही वर्षे जातात आणि ती पाच हजार जास्त देणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयात जायला एक महिना पुरतो. इटालियन मार्बलचा खर्च तिच्या पगारात वळवा. पहाटे छाती पुन्हा उघडायची वेळ आली तर खाटेजवळच उघडता येईल असा ट्रे आयसीयूत सीलबंद ठेवा. त्याची तपासणी दर पाळीला, डिफिब्रिलेटरसोबत.

शेवटी घरी जाणारा रुग्ण. इथे सगळ्यांत कमी पैसा लागतो आणि सगळ्यांत जास्त हयगय होते. स्टेंट टाकलेला माणूस महिन्याची औषधे घेऊन गावी जातो. ती संपली की 'कोर्स झाला' असे समजून थांबतो, किंवा दात काढणारे डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी बंद करायला सांगतात. अटॅकनंतर ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेलसारखी गोळी, या दोन्ही बहुतेकांना 12 महिने घ्यायच्या असतात. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि हा दुसरा अटॅक पहिल्यापेक्षा वाईट निघतो. तेव्हा एका वेळी 90 दिवसांची जेनेरिक औषधे द्या. कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा की ही गोळी हृदयाच्या डॉक्टरला फोन केल्याशिवाय बंद करायची नाही, आणि खाली तोच चोवीस तासांचा नंबर.

कृत्रिम झडप बसवलेल्यांचे कार्ड वेगळे ठेवा. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तरुण बाया अजूनही आपल्याकडे येतात. त्यांची रक्त पातळ ठेवणारी गोळी, अॅसिट्रॉम, 1, 2, 4 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळते. तालुक्याच्या दुकानात 2 नसली की 4 ची पट्टी हातात पडते आणि दोन आठवड्यांनी बाई नाकातून रक्त वाहत असताना येते. कार्डावर गोळीची ताकद, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा, किती हवा (मिट्रल झडपेला साधारण 2.5 ते 3.5) आणि तिच्या गावाजवळ तो कुठे तपासला जातो, हे तिन्ही लिहा. पालक-मेथी बंद करा असे सांगू नका. रोजचे प्रमाण सारखे ठेवा एवढे सांगा. मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधी यायला सांगा.

बायपासच्या रुग्णाला 'जड उचलू नका' एवढे सांगून भागत नाही. कापसाच्या शेतकऱ्याच्या पाठीवरचा फवारणी पंप 16 लिटरचा असतो, भरल्यावर वजन त्याहून जास्त. छातीचे हाड सांधायला तीन महिने लागतात. पंप, पाण्याचा हंडा, बैलाचा कासरा ओढणे, स्कूटरला किक, या नावांनीच सांगा, मराठीत, हिंदीत आणि गडचिरोलीच्या रुग्णाला गोंडी बोलणारा माणूस देऊन. तिसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी आपल्याकडून फोन जाऊ द्या.

आपण धर्मादाय ट्रस्ट म्हणून नोंदणार असाल तर 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणे कायद्याने आहेच. या खाटा कुठल्या, आज किती रिकाम्या, याचा फलक नोंदणीच्या खिडकीवरच लावा, म्हणजे कोणाला आमदाराची चिठ्ठी आणावी लागणार नाही.

आपल्याकडे आमची एक मागणी आहे. पहिल्या महिन्यापासून दोन आकडे जाहीर करा. अटॅकचा रुग्ण दारात आल्यापासून रक्तवाहिनी उघडेपर्यंत लागलेली मिनिटे, दिवसाची आणि रात्रीची वेगवेगळी. आणि 100 स्थिर रुग्णांच्या अँजिओग्राफीनंतर किती जणांना औषधांवर घरी पाठवले. यात विश्वस्तांचे, आमदारांचे नातेवाईक वगळायचे नाहीत.

नकाशा मनपाकडे जाण्याआधी आम्हाला एकदा दाखवावा, एवढी विनंती. मोजपट्टी आणि स्ट्रेचर आम्ही घेऊन येतो.

आपले,
नागपुरातील वेगवेगळ्या हृदयरोग विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ व परफ्युजनिस्ट